ऑपरेशननंतर विचारीन

लोकांची पहिली भेट कशी छानशा ठिकाणी होते — बागेत, कुणाच्या लग्नात, पुस्तकांच्या दुकानात! या दोघांची झाली हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये, आणि दोघांच्याही हातात लघवीने भरलेला प्लास्टिकचा डबा होता. आता यावर कुणी नाक मुरडलं तर मुरडो बापडं. झालं ते असं झालं.

डबा अर्थातच पिशवीत होता. किडनी द्यायची म्हटलं की आधी देणाऱ्याची स्वतःची धड आहे ना ते बघतात, आणि त्यासाठी आख्ख्या दिवसरात्रीची लघवी साठवून आणायला सांगतात. तिने ती आणली होती. तिच्या दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, वहिनीला मधुमेह, आईवडील कधीच गेलेले. उरली कोण, तर ही एकटी धाकटी बहीण. "मी देते की!" असं ती जेवताजेवता, मीठ मागावं इतक्या सहज म्हणून गेली होती. सगळ्यांनी पाठ थोपटली. ती होतीच तशी धीट. मोटार चालवायला शिकवणं हा तिचा धंदा. समोरून ट्रक येत असताना नवशिक्याच्या शेजारी बसून "काही होत नाही, चला तुम्ही," असं म्हणणारी बाई! सगळे तिला मास्तरीण म्हणायचे.

ती मास्तरीण त्या सकाळी किती घाबरली होती, ते मात्र तिचं तिलाच ठाऊक.

लिफ्ट मध्येच गचका देऊन थांबली. दिवा गेला. "आई गं!" तिच्या तोंडून निघालं, आणि त्याच क्षणी शेजारून एक पुरुषी आवाज म्हणाला, "मेलो!"

दोघांनी हातातल्या पिशव्या खाली टेकवून दांडा घट्ट धरला. मग दिवा आला, लिफ्ट हलली, दार उघडलं, आणि दोघंही आपापली पिशवी उचलून एकमेकांकडे न बघता सुटले. आपापली म्हणजे... त्यांना वाटलं तसं.

"वय चौतीस?" तपासणीच्या खिडकीतल्या बाईने डब्यावरची चिठ्ठी वाचत विचारलं.

"एकोणतीस."

"आणि... पुरुष?"

"मी?"

दोघींनी डब्याकडे पाहिलं. मग मास्तरणीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ती पिशवी उचलून धावत सुटली. तो गृहस्थ वळणावर, रक्त काढण्याच्या खोलीबाहेर बसला होता. जाड काड्यांचा चष्मा, आणि मांडीवर तिची पिशवी.

"अहो! अहो चष्मेवाले! माझं... तुमच्याकडे आहे."

"काय आहे?"

"माझं—" ती अडली. बाकावरचे सगळे कान टवकारून बसलेले. "माझा डबा!"

त्याने पिशवीत डोकावलं, चिठ्ठी वाचली आणि कानापर्यंत लाल झाला. दोघांनी डबे बदलून घेतले. "तरीच म्हटलं," तो पुटपुटला, "एवढ्यात जड कसा झाला..."

"भरपूर पाणी प्या म्हणाले होते ना मला!"

"नाही नाही, कौतुकच आहे. माझा बघा, निम्माही नाही. भीतीने घशाला कोरड पडलीये आठवडाभर, पाणी जातंय कुठे?"

तिला हसू फुटलं. तोही हसला. मग कळलं की त्याचा खरोखरच चष्म्यांचा धंदा आहे, म्हणजे तिने घाईत मारलेली हाक नेमकी बसली. तो आईला किडनी द्यायला आला होता.

"तुम्हाला नाही वाटत भीती?" त्याने विचारलं.

"छे!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळे बघणं हे त्याचं रोजचं काम. लोकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजण्यात त्याचा दिवस जायचा. पण हे बघणं निराळंच होतं, जरा जास्तच वेळ चाललेलं. ती चुळबुळली.

"माझी तर पाचावर धारण बसलीये," तो मोकळेपणाने म्हणाला. "रात्री दचकून उठतो आणि दोन्ही जागेवर आहेत का, ते चाचपून बघतो."

घरी दारी तिच्याशी कुणी असं बोललंच नव्हतं. सगळे म्हणायचे, तू काय बाई, तू वाघीण! ती खाली फरशीकडे बघत हळूच म्हणाली, "मलाही वाटते... खूप वाटते." आणि हे तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं, तेही ज्याचा डबा चुकून आणला त्या माणसाला.

त्यानंतर भेटी होतच राहिल्या. तपासण्या काय कमी असतात? आज छातीचा फोटो, उद्या पोटाचा, परवा हृदयाचा आलेख. एकाने बाकावर जागा धरायची, दुसऱ्याने चहा आणायचा. वरच्या मजल्यावर डायलिसिसच्या खोलीत तिचा दादा आणि चष्मेवाल्याची आई, म्हणजे तिच्या काकू, शेजारशेजारच्या खाटांवर रक्त धुऊन घेत पडलेले असायचे आणि पंख्यावरून भांडायचे. दादाला उकडायचं, काकूंना थंडी वाजायची. "तुमच्या भावाला सांगा, जरा वयाचा मान ठेव म्हणावं," तो म्हणायचा. "तुमच्या आईला सांगा, गोधडी घ्या म्हणावं," ती म्हणायची. तेवढंच भांडण, पण दोघांनी ते चवीने चालवलं होतं.

मग एकाएकी त्याला गाडी शिकायची हौस आली.

"आईला आणायला-न्यायला बरं पडेल," त्याने कारण सांगितलं.

"इतकी वर्षं नाही पडलं ते?"

"इतकी वर्षं मास्तरीण कुठे भेटली होती!"

तिने हसू दाबलं आणि गाडीचं दार उघडून दिलं.

शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो असताना घाबरायचं काही कारण नाही, हे ती सगळ्यांना सांगायची. पण हा विद्यार्थी म्हणजे भित्यापाठी ब्रह्मराक्षस! झाडाची सावली दिसली, दाब ब्रेक. कोपऱ्यावर कागद उडाला, दाब ब्रेक. मागचे लोक भोंगे वाजवून वाजवून थकले.

"चष्मेवाले, समोर काही आहे का?"

"नाही..."

"मग का दाबलात?"

"भीती वाटली."

"भीती वाटली म्हणून ब्रेक दाबायचा नसतो हो! समोर काही आलं तर दाबायचा. रस्ता मोकळा असेल तर घाबरत घाबरत का होईना, जायचं."

"घाबरत घाबरत," तो म्हणाला आणि पुन्हा ब्रेक दाबला. यावेळी खरंच मांजर आडवं गेलं होतं. "बघा!" म्हणून तो असा काही विजयाने हसला की तिला त्या मांजराचा लळाच लागला.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. काचेवरचा वायपर उगाच कुरकुरत होता. तिने त्याला नदीकाठच्या मोकळ्या रस्त्याला गाडी लावायला सांगितली, आणि मग कसं कोण जाणे, ती बोलायला लागली. भुलीचं औषध दिल्यावर आपण उठलोच नाही तर? दादाच्या अंगाने किडनी झिडकारली तर? आणि पुढे कधीतरी, आपली उरलेली एकुलती एक बिघडली तर... दारात कुणाच्या उभं राहायचं? तो ऐकत चष्मा काढून पुसत राहिला.

"आणखी एक सांगू?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "कुणाला सांगू नका हं. कधी कधी वाटतं... आपण तपासणीत नापास व्हावं. म्हणजे आपण नाही म्हटलं असं होणार नाही. आपोआप सुटका." आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. "किती नीच आहे ना मी? ज्या दादाने मला लहानाची मोठी केली..."

"मी तर देवाला सांगून ठेवलंय तसं," तो शांतपणे म्हणाला. "माझी सख्खी आई आहे ती. आता बोला, नीच कोण?"

ती रडता रडता हसली. त्याने रुमाल पुढे केला, चष्मे पुसायचा, मऊसूत. तो तिने परत दिलाच नाही.

तर देवाने ऐकलं. दोघांचंही ऐकलं, एकाच आठवड्यात!

तिची किडनी उत्तम होती, पण दादाच्या रक्ताने तिच्या रक्ताशी जुळवून घ्यायचं नाकारलं. मागे त्याला रक्त चढवलं होतं, तेव्हापासून ते असं वैर धरून बसलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं आणि ती बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि हसली. खरंच हसली, आरशात बघून. सुटलो! मग त्याच आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि ती नळ सोडून ढसाढसा रडली.

बाहेर दादा खुर्चीत बसला होता. पाय सुजलेले, चेहरा राखेसारखा. त्याला पाणीही बेताचंच मिळायचं. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा. "बरं झालं गं," तो म्हणाला. "तुझ्या पोटावर सुरी चालवायची म्हणजे माझ्याच जिवावर आलं होतं." आणि तिचे डोळे पुसायला हात उचलला, तर तो हात अर्ध्यावरच थकला.

त्या क्षणी तिला कळलं की ही सुटका आपल्याला नकोय.

चार दिवसांनी डॉक्टरांनी दोन्ही घरांना एकत्र बोलावलं. एका बाजूला ती, दादा, वहिनी; दुसऱ्या बाजूला चष्मेवाला आणि त्याची आई. त्याचंही रक्त आईशी जुळलं नव्हतं. "पण," डॉक्टर म्हणाले, "तुमची किडनी यांच्या आईला चालते. आणि यांची तुमच्या भावाला. अदलाबदल करायची तयारी आहे का? दोन्हीकडची ऑपरेशनं एकाच वेळी सुरू करावी लागतील."

"एकाच वेळी कशाला?" वहिनीने विचारलं.

"एकाने आधी देऊन टाकली, आणि मग दुसऱ्याने पाय मागे घेतला तर?"

मास्तरणीने हळूच समोर पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता. नापास व्हावं असं या बाईला वाटत होतं, हे जगात एकट्या त्याला ठाऊक. आणि त्याने देवाला काय सांगून ठेवलं होतं, ते एकट्या तिला.

तेव्हापासून सगळंच बिनसलं. तो गाडी शिकायला यायचा, पण ब्रेक दाबला तरी "माफ करा" म्हणायचा. ती कधी नव्हे ते "छान, छान" म्हणायची. तिला शिंक आली तर त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. जिना उतरताना त्याचा पाय जरा घसरला तर ती धावत जाऊन त्याचा दंड धरायची. एके दिवशी तो सफरचंदांची पिशवी घेऊन गाडीत येऊन बसला.

"खा हं रोज. ताकद हवी."

तिने पिशवी हातात घेतली नाही. "ही माझ्यासाठी आहेत," तिने विचारलं, "की माझ्या किडनीसाठी?"

त्याचा चेहरा पडला. ती बोलून गेली आणि तिलाच चटका बसला, पण आता थांबणं नव्हतं. "परवा शाल आणलीत. काल दोनदा फोन. आधी नव्हतं हो हे असं! मी पळून जाईन असं वाटतं ना तुम्हाला? खरं सांगा. वाटतं ना?"

"तुम्हाला नाही वाटत माझ्याबद्दल?"

तिला खोटं बोलता येईना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

त्याने कुरकुरणारा वायपर बंद केला. मग तो म्हणाला, "खरं सांगू? माझं मलाच कळेनासं झालंय. तुम्हाला बघून जीव हरखतो, तो तुमच्यासाठी की आईसाठी... आधी तुमच्यासाठी होता एवढं नक्की. पण आता ते तुम्हाला पटवून कसं द्यायचं? मी जे जे गोड बोलेन ते तुम्हाला लाच वाटणार."

"मग?"

"मग काही नाही. ऑपरेशन होईपर्यंत मी तुमच्याशी एक शब्द गोड बोलणार नाही. भेटणार नाही. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर बेलाशक म्हणा, मी मध्ये यायचा नाही. एक विचारायचं आहे, पण ते ऑपरेशननंतर विचारीन."

"काय विचारायचंय?"

"ऑपरेशननंतर!" असं म्हणून तो उतरला. भुरभुरत्या पावसात, छत्री गाडीतच विसरून, सफरचंदं मात्र पोटाशी धरून चालत गेला.

आणि खरंच गप्प झाला. फोन नाही, बाकावर जागा धरणं नाही. समोर आला तर मान हलवून निघून जायचा. आधी तिला राग आला, मग हुरहुर लागली, मग भीतीने तिला पुरतं धरलं. बोलत का नाही हा? शब्द पाळतोय... की पाय मागे घेतोय? तिकडे दादाला धाप लागायला लागली होती. आडवं पडलं की श्वास कोंडायचा म्हणून तो बसूनच झोपायचा. वहिनी दारामागे पदराने डोळे टिपायची. दादा म्हणायचा, "बरा झालो ना, की एक मोठ्ठा ग्लास भरून पाणी पिणार. घटाघटा. मध्ये श्वाससुद्धा घेणार नाही." आणि एवढं बोलायलाही तो तीनदा थांबायचा.

शिकवताना तिचा पाय आता जादा ब्रेकवरच असायचा. उगाचच दाबला जायचा. "मॅडम, समोर तर काहीच नव्हतं," एक नवशिकी मुलगी म्हणाली, आणि मास्तरीण खजील झाली.

भरती व्हायच्या दिवशी मनाची तयारी बघणाऱ्या बाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. दार लावून घेतलं. "हे शेवटचं विचारते," त्या मायेने म्हणाल्या. "मनात जरा जरी नको असेल तर आत्ता सांगा. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू, की शेवटच्या तपासणीत बसलं नाही. खरं कारण कुणाला, कधीच कळणार नाही."

बापरे! म्हणजे आपोआप सुटका. हवी होती तशी, हुबेहूब. देवाने पुन्हा दार उघडून ठेवलं होतं.

"समोरच्यांनाही हेच विचारलंत?"

"हो. मघाशीच."

"काय म्हणाले ते?"

"ते मला सांगता येत नाही. तुम्ही काय म्हणालात तेही मी त्यांना सांगणार नाही."

तो नाही म्हणाला असेल तर? आपण वेड्यासारखं हो म्हणायचं आणि उद्या सकाळी कळायचं, की यांचं तपासणीत बसलं नाही बुवा! तिने डोळे मिटले. पाय आपोआप खाली दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता तिथे. समोर काही आहे का, मास्तरीणबाई? तिने स्वतःलाच विचारलं. तपासण्या चांगल्या आहेत. डॉक्टर चांगले आहेत. दादा आहे, तो पाणी मागतोय. समोर काहीच नाही. नुसती भीती आहे.

"मला फार भीती वाटते," ती म्हणाली.

"म्हणजे नाही म्हणताय?"

"नाही नाही! देणार आहे. फक्त भीती वाटते, एवढं कुणाला तरी सांगायचं होतं. ज्याला सांगायचे तो हल्ली बोलत नाही."

सकाळी ऑपरेशनच्या खोल्यांबाहेर चाकांच्या दोन खाटा शेजारशेजार उभ्या होत्या. एकीवर ती, हिरवा झगा, डोक्यावर कागदी टोपी. दुसरीकडे तिने मान वळवली... आणि तिचा श्वास मोकळा झाला. आला होता! त्याचा चष्मा काढून घेतला होता आणि तो आंधळ्यासारखा छताकडे डोळे किलकिले करून बघत होता.

"कोण आहे तिकडे?" त्याने विचारलं.

"डबा बदललेली."

तो एकदम हसला. मग दिलेला शब्द आठवून त्याने तोंड वाकडं केलं. "टोपीत भयंकर दिसत असाल."

"तुम्हाला तर दिसतच नाहीये."

"दिसत नाही तेच बरं. दिसलं असतं तर गोड बोललो असतो."

त्याचा हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता. तिने आपला पुढे केला. दोन्ही हात बर्फासारखे गार.

"अहो... ते विचारायचं होतं ते—" तिने सुरुवात केली. कारण ऑपरेशननंतर म्हणजे कधी? आणि 'नंतर' आलंच नाही तर? आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "घाबरू नकोस रे."

'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं. तो काही बोलणार तेवढ्यात त्याची खाट हलली, हात सुटला. मग तिचीही हलली. दिवे, थंडी, चेहऱ्यावर मास्क. कुणीतरी म्हणालं, "पलीकडे तयार आहेत का विचारा." आणि उत्तर ऐकू यायच्या आत तिची शुद्ध हरपली.

जाग आली ती दुखण्याने. दुखतंय, म्हणजे आहोत! घसा सुकला होता, पोटावर कुणी दगड ठेवल्यासारखं वाटत होतं. वहिनी पळत आली, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, आणि आनंदाने ओरडली, "झाली गं, झाली!"

"काय झाली?"

"लघवी! दादाला! पिशवी भरली गं, दुसरी लावली!" आणि ती घळाघळा रडायला लागली. वर्षभर ज्या गोष्टीची वाट बघितली ती ही. मास्तरीणही रडली, पण जपून, कारण हुंदका आला की टाके ओढायचे.

"आणि काकूंना?"

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाली, "त्यांची अजून नाही."

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, किडनी नव्या जागी गेली की जरा रुसून बसते, वाट बघू. पण रुसलेली किडनी तिची होती! दुसऱ्या दिवशीही काकूंची पिशवी रिकामीच होती. मास्तरणीला घास गिळेना. आपण तिला घाबरत घाबरत दिलं, म्हणून ती तिथे जाऊन बिथरली का? काहीतरीच, पण मनाला कोण समजावणार? त्याने दादाला जीवदान दिलं आणि आपण त्याच्या आईला काय दिलं? आता तो कशाला येतोय विचारायला. कुठल्या तोंडाने आपण त्याच्याकडे बघायचं?

संध्याकाळी दारात पावलं वाजली. सरपटत, थांबत, पुन्हा सरपटत. तो होता. कमरेत वाकलेला, पोटाशी उशी घट्ट धरलेला — खोकला आला तर टाके सांभाळायला ती प्रत्येकाला देतात — चष्मा नाकावर तिरका.

"ऑपरेशन झालं," तो म्हणाला. धाप लागली होती. "विचारायला आलोय."

"अहो, पण काकूंची अजून..."

"म्हणून तर आत्ता आलो. उद्या झाली, तर तुम्हाला वाटेल उपकार फेडतोय. नाही झाली, तर वाटेल दया आली. आत्ता काहीच माहीत नाहीये. तुमच्याकडून मला काही मिळायचं राहिलेलं नाही, माझ्याकडून तुम्हाला नाही. आत्ता मी खरा आहे, मास्तरीणबाई." त्याने खाटेचा दांडा धरला. "तर विचारतो. भीती सांगायला जन्मभर एक माणूस हवंय मला. तुम्ही... तू होशील?"

तिला रडू येत होतं आणि ते आवरत होतं, कारण टाके. "काकूंना काही झालं तर? माझ्याकडे बघवेल तुला?"

"माहीत नाही. पण तुझ्याकडे न बघता राहवत नाही, एवढं या दिवसांत कळलं."

"मला भीती वाटते रे..."

"समोर काही आहे का?"

तिने पाहिलं. समोर तो होता, दाढी वाढलेला, हिरव्या झग्यात, वाकलेला, मोडक्या खुर्चीसारखा. तिला हसू फुटलं आणि हसल्याबरोबर पोटातून कळ आली. "आई गं! हसवू नको ना!"

"म्हणजे हो?"

"हो रे बाबा, हो! आता चल."

"कुठे?"

"तुझ्या आईकडे. इथे बसून जीव जाईल माझा."

तिनेही आपली उशी पोटाशी धरली. दोघं भिंतीला धरून, दर चार पावलांवर थांबत, अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी पोचले. एकमेकांचे हात धरायचे म्हणून उशा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. आत काकू डोळे मिटून पडल्या होत्या. खाली पिशवी लटकत होती, रिकामी. दोघंही श्वास रोखून त्या पिशवीकडे बघत राहिले. असं टक लावून कुणी चंद्राकडेही बघत नसेल.

बराच वेळ काही नाही. तिची बोटं त्याच्या बोटांत रुतत होती. मग आतली सिस्टर वाकली, नळी जरा सरळ केली, आणि थांबली. तिने पिशवी उजेडात धरली. तळाशी थोडंसं काहीतरी पिवळं चमकलं.

"मला नीट दिसत नाहीये," तो म्हणाला. "चष्म्यावर पाणी आलंय. आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "आहे रे! माझीच आहे, मी ओळखते तिला. भरपूर पाणी पिणारी आहे."

दोघं हसले, कळवळले, पुन्हा हसले. आत काकूंनी डोळे किंचित उघडले, छताकडे बघितलं आणि सिस्टरला खुणेने काहीतरी सांगितलं. सिस्टरने जाऊन पंखा बंद केला.

"पेशंट! इथे काय करताय दोघं?" मागून दुसरी सिस्टर खेकसली. "चला, आपापल्या खोलीत!"

घाईघाईने त्यांनी उशा उचलल्या आणि दोन दिशांना सरपटत निघाले. वळणावर पोचल्यावर तिने खाली पाहिलं. तिच्या उशीला वहिनीने घरून आणलेला निळा अभ्रा होता. ही तर पांढरी.

"अगं, थांब!" तो तिकडून वाकल्या वाकल्या ओरडला. "तुझी उशी माझ्याकडे आलीये!"

"राहू दे," ती म्हणाली. "आता काय काय परत घ्यायचं!"